बैठकीआधीचं इतिवृत्त

आमच्या विभागाचे कारकून काका म्हणजे निवांत गृहस्थ. एकोणतीस वर्षं प्राध्यापकांच्या बैठकांचं इतिवृत्त त्यांनीच लिहिलं आणि त्यात कधी चूक निघाली नाही. यामागचं गुपित मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

माझा प्रस्ताव साधा होता. प्रयोगशाळेत प्रयोग फसला की मुलं शेजाऱ्याचे आकडे उतरवतात. त्याऐवजी गुण न कापता पुढच्या आठवड्यात तो पुन्हा करू द्यावा. दोन बैठकांत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढे ढकलला. बदल हवाच, पण दुसऱ्याच्या वर्गात, हे आमच्या विद्वानांचं तत्त्वज्ञान. सर्वांत ज्येष्ठ ते नियम सर. मुलांनी ठेवलेलं नाव. ते दरवेळी विचारायचे, "जास्तीचे तास घेणार कोण?" या खेपेलाही नाहीच झालं तर राजीनामा द्यायचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

बैठकीला अर्धा तास होता. प्रिंटरवर एक कागद दिसला. आजची तारीख, नियम सरांचा प्रश्न, आणि खाली, "सखोल चर्चेअंती विषय पुढील बैठकीत घ्यावा असे ठरले."

"काका, बैठक अजून व्हायचीय!"

"हो ना." काका चष्मा पुसत म्हणाले, "मागचीच फाइल उघडतो, तारीख तेवढी बदलतो. कधी चुकलंय का, सांगा!"

रागाच्या भरात मी त्याच्या सात प्रती काढल्या आणि बैठकीत प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवल्या. दाराशी बसलेल्या काकांचा चेहरा पांढराफटक पडला, तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली. बिचाऱ्यांच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते.

नियम सरांनी कागद दोनदा वाचला आणि ते खो खो हसत सुटले.

"म्हणजे मी घरी झोपून राहिलो असतो तरी चाललं असतं की!" मग डोळे पुसत म्हणाले, "माझ्याच वर्गापासून सुरू करा. तास मी घेतो."

सरांनीच हात वर केल्यावर बाकीचे काय करणार? झालं मंजूर.

संध्याकाळी निघताना पाहिलं, तर काका कोऱ्या पडद्यासमोर बसलेले.

"मॅडम, 'मंजूर'च्या पुढे काय लिहायचं असतं हो? कधी वेळच आली नाही."

मी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.