झाकणावरचं नाव

बजाबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो, कारण सून चारला उठते. बजाबाई माझी बायको. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. मी सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाल होतो, आता घरी असतो.

रविवारचा मासा तिच्याच हातचा, हे लग्नापासूनचं. उजनीची चिलापी, काळ्या तिखटाचं कालवण. मग अकलूजची अपेक्षा सून म्हणून आली. तिनं चिलापीचे काटे काढले, तुकडे कडक तव्यावर खरपूस भाजले. शेजारी सिमला मिरची, गाजर, बीन्स परतले. वरून सोया सॉस, आलं आणि गूळ आटवून ओतलं. आमचा युवराज बोटं चाटत राहिला. कालवणाचं पातेलं तसंच.

"चायनीजचा गाडा घरात आणलाय," बजाबाई म्हणाली.

"आई, चाखून तरी बघा की."

"माजा उपास हाय."

रविवारी तिनं कधी उपास धरला नव्हता.

सून माहेरी गेली तेव्हा हिनं तोच बेत केला. माशाला नेहमीसारखं मीठ-हळद चोळलं, वर खारट सॉस. शिवाय हात थांबेना, सारखं उलथनं. मासा तव्याला चिकटला, चुरा झाला.

"तवाच पातळ हाय," ती म्हणाली. चुरा मी खाल्ला.

अपेक्षा परतल्यावर हिनं विचारलं नाही, चोरून पाहिलं. मासा फडक्यानं कोरडा करायचा. मीठ अगदी कमी. खालून तांबूस होऊन आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही. हेच तिला जड गेलं. पोतं पाठीवर घेऊन नुसतं उभं राहणं चालण्यापेक्षा अवघड, तसं. शेवटी ती हात मांडीखाली दाबून शेगडीपुढं बसली. मासा अख्खा उतरला.

"अपेक्षा, आज लई भारी जमलंय," युवराज जेवताना म्हणाला.

"आईंनी केलंय."

"काय सांगतीस!"

ते बजाबाईला लागलं.

पगार झाला तशी ती भांड्यांच्या दुकानात गेली. बिडाचा जाड तवा घेतला. "नाव घाला," म्हणाली.

"मावशी, तव्यावर नाव टिकत न्हाय."

मग तिनं तव्याच्या मापाचं स्टीलचं झाकण घेतलं. घरातल्या बाकी भांड्यांवर माझं नाव नाहीतर युवराजचं. यावर फक्त 'बजाबाई'. भाजताना झाकण लागत नाही. झाकलं तर मासा वाफेनं मऊ पडतो. ती ते जेवताना मांडते, नाव युवराजकडं करून.