सदानं मोजलेल्या चुली

सदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून खाली बसलो... पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचं जाणं काही अघटित नाही, पण तो माझ्याआधी जाईल हे मी कधी धरलंच नव्हतं. जन्मभर सगळ्यात माझ्यापुढे, यात तरी मागं राहायचं होतंस लेका! आता महिना झाला. रडून झालंय, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही दोघं वरवे बुद्रुकचे. सत्तरच्या दशकात सदा पुण्यातल्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर कामाला लागला. तो ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा तिच्यात अक्षरं कमी आणि बाण-त्रिकोणच जास्त. ती भाषा येणारी साऱ्या पुण्यातली माणसं एका रिक्षात मावली असती. पण या पठ्ठ्याला ध्यास एकच, की आपलं काम गावातल्या माणसानं वापरलं पाहिजे, आणि तेही आपल्याला न विचारता. लग्नाच्या जेवणाला तांदूळ, डाळ, गूळ किती लागेल हे सांगणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिला. कागदावर आकडा लिहून पुण्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, की चार दिवसांनी उत्तराचा लांबलचक छापील कागद परत यायचा.

पहिलं गिऱ्हाईक आमचंच घर, माझ्या बहिणीचं लग्न. कागदावर सदाचा प्रश्न होता, ‘आमंत्रणं किती?’ आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, बेधडक ‘ऐंशी’ लिहिलं, कारण आवतण ऐंशी घरांना गेलं होतं. आणि तेही चूलबंद! म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायचीच नाही, पाळण्यातल्या पोरासकट सगळे आमच्याकडे जेवायला. सदानं मात्र ऐंशी माणसं धरली. उत्तराचा कागद बघून धोंडिबा आचारी म्हणाला, “दादा, येवढ्यात एक आळी बी न्हाई जेवायची.” दादा उसळले, “पुण्याच्या मशीनपरीस तुला जास्त कळतंय व्हय?” धोंडिबानं गुपचूप तिप्पट तांदूळ शिजवले. तरीसुद्धा दुसऱ्या पंगतीला भात संपला.

सदा पहिल्या पंगतीत यथेच्छ जेवून सुपारी कातरत बसला होता. कळल्याबरोबर ताडकन उठला आणि भात मागायला घरोघर पळाला. पण भात असणार कुठून? सगळ्या चुली थंडगार! मग त्यानंच हातापाया पडून बायकांना घरी धाडलं, बारा चुली पेटल्या. तासाभरानं बारा पातेली मांडवात आली, कुठे आंबेमोहोर, कुठे लाल भात, एक चांगलाच करपलेला. वरपक्षाला वाटलं, आमच्याकडची ही रीतच असेल. व्याह्यांनी तर कौतुकानं बाराही भात चाखले!

आम्ही हसून लोटपोट, सदा मात्र कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला. मी म्हणालो, “जाऊ दे रे, मशीन चुकलं.”

“मशीन न्हाई, म्या चुकलो,” तो म्हणाला. “हितं जन्मलो आन् हितलीच रीत इचारात घेतली न्हाई. आता आमंत्रण म्हंजी घर का मानूस, ह्ये समद्यांनी मलाच इचारत बसायचं व्हय?”

दुसऱ्या दिवशी तो धोंडिबाच्या ओट्यावर जाऊन बसला. चूलबंद घरं किती, घरटी एक माणूस असं आवतण किती, सगळं त्यानं त्याच्याकडून शिकून घेतलं. मग साऱ्या आकड्यांची उत्तरं एकदमच छापून एक तक्ता केला, पायली-शेरात. कंडक्टर नको, पुणं नको. पोस्टमनसारखा सायकलवर फिरून त्यानं तो कापूरहोळपर्यंतच्या आचाऱ्यांना वाटला. वर स्वतःचं नाव घालायला मात्र विसरला... का मुद्दामच घातलं नाही, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात कापूरहोळजवळ एका लग्नाला गेलो होतो. स्वयंपाकघरात एक बाई भिंतीवरच्या कागदावरून बोट फिरवत तांदूळ मोजून घेत होती. किती वेळा नकललेला असेल कोण जाणे, शेर-पायलीचे किलो झालेले, पण पहिला रकाना ‘चूलबंद घरं’!

मी विचारलं, “हा तक्ता कुणी केला हो?”

“कुनाला ठावं?” ती म्हणाली. “इचारायची येळच आली न्हाई कदी.”

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. नाव सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं आणि पंगतीत जाऊन बसलो. सदाच्या वाट्याचाही भात मागून घेतला.