सोंडेले

दादासाहेबांनी दाढीचं पातं माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हे 'सोंडेले'मधलं 'ले' खरवडून काढ. तिथं 'ला' कर. कॉलेजातले लोक हसतील. म्हणतील, हा मोटेचा नकाशा एखाद्या मोटकऱ्यानं काढलाय."

मोटकऱ्यानंच काढला होता. मी काढला होता. त्या खोलीत आम्ही तिघं होतो, दादासाहेब, त्यांचे चिरंजीव बाळासाहेब आणि मी. तिघांनाही ते माहीत होतं. पण नकाशाखाली लिहिलं होतं, "सदर रेखाचित्र मी स्वहस्ते काढले आहे," आणि त्याखाली बाळासाहेबांची सही होती.

मी पात्याकडे बघत राहिलो.

हे लिहितानाही जीव घाबरतो. दादासाहेबांचं मीठ खाल्लंय. अमरावतीला त्यांच्या कापसाच्या जिनात मी तीन वर्षं फिटरच्या हाताखाली होतो. जिनामागची खोली त्यांनीच दिली. इंजिनाच्या पट्ट्यात माझी बोटं सापडली तेव्हा स्वतःच्या बैलांच्या दमणीत बसवून दवाखान्यात नेलं, दमणीची गादी रक्तानं भरली तरी काही बोलले नाहीत. हे मी विसरलो नाही. विसरणारही नाही. आणि तरीही हे लिहितो आहे.

आणखी एक. मी बाळासाहेबांवर जळत होतो. आजही जळतो. त्यांच्या कंपासपेटीवर जळत होतो, तिच्यातल्या निळ्या मखमलीवर. त्यांच्या पांढऱ्या नखांवर. नव्या पुस्तकाची जोडलेली पानं न कापताच ते ठेवून देत, त्याच्यावरही. ते इंटरला एकदा नापास झाले होते. घरात दोन दिवस कोणी मोठ्यानं बोललं नाही, तिसऱ्या दिवशी पुण्याहून नवी पुस्तकं आली. माणसाला नापास व्हायचीसुद्धा सोय असते, हे मला तेव्हा कळलं. मला ती सोय नव्हती. मी कधी नापास झालोच नाही. माझी शाळाच सुटली.

आमचं घर पातूरचं, माळ्याचं. वांगी, मेथी, शेवंती. मी अकोल्याला इंग्रजी पाचवीत होतो तेव्हा बाप मोटेच्या उतारावर पडला आणि त्याची कंबर गेली. दोन हंगाम मोट मी हाकली. धाकटा भाऊ हाताशी आला तेव्हा मी घर सोडलं, पण तोवर शाळेच्या बाकावर माझ्या जागी दुसरा बसला होता.

जिनात आल्यावर पुन्हा वाचायला लागलो. मॅट्रिकला बाहेरून बसायचं, मग पुढचं शिकायचं, मग इंजिनिअरिंगच्या कॉलेजात अर्ज करायचा, असं मनात होतं. बाहेरून बसणाऱ्याला एखाद्या वजनदार गृहस्थाचा चालचलणुकीचा दाखला लागे. मी भीत भीत दादासाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "बाळचा अर्ज एकदा जाऊ दे. मग तुझा दाखला. लिहूनच ठेवतो." खरंच लिहून ठेवला. टेबलावर काचेच्या वजनाखाली तो होता. फक्त सही राहिली होती.

बाळासाहेबांच्या अर्जाला एक नकाशा जोडायचा होता. आपल्या भागातलं एखादं साधं यंत्र, मापानं काढलेलं. भागांची नावं देशी भाषेत, खाली इंग्रजीत. बाळासाहेबांनी मोट काढली. छान काढली होती. बैलांच्या शिंगांना छाया दिली होती. मला दाखवायला बोलावलं.

मी बघितलं आणि हसलो. त्या घरात मी हसलो ते तेवढंच.

"काय झालं?" बाळासाहेब म्हणाले.

"दोर एकच हाये बाळासाहेब. मोट वर येईन, पण पानी कोन वतीन? तुमी विहिरीत उतरता काय?"

मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा वरच्या चाकावरून जातो, तो मोट ओढतो. बारीक सोंदूर खालच्या रुळावरून जातो, तो मोटेची चामड्याची सोंड वर दुमडून धरतो. मोट वर आली की सोंदूर सोंडेला काठावरच्या थारोळ्यात ओढून घेतो आणि पाणी पडतं. सोंदूर नसेल तर पाणी विहिरीतच सांडेल. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोट हाकताना बाप ओरडायचा, "नाड्याकडे काय पाहून राहिला बे, सोंदूर पाह्य!"

बाळासाहेबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "तूच काढ ना मग."

मी काढला. तीन दिवस. जिनातून सुटलो की अंगाची रुई झटकायची, हात तीनदा धुवायचे आणि त्यांच्या टेबलाशी बसायचं. ती कंपासपेटी माझ्या हातात होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. वाटलं, हे कॉलेजचं काम आहे आणि ते मी करतो आहे. नावं लिहिताना हात आपोआप चालला. नाडा. चाक. थारोळं. आणि शेवटी, "सोंदूर सोंडेले बांधतात."

शाळेत 'ला' शिकलो होतो. पण सोंदूर मी शाळेत नव्हता बांधला.

"ऐकलं नाहीस?" दादासाहेब म्हणाले. "खरवड."

तेव्हा मला ते दिसलं. त्या सबंध कागदावर माझं म्हणावं असं एकच अक्षर होतं. रेघा बाळासाहेबांच्या झाल्या होत्या. मापं त्यांची झाली होती. बापाचा उतार, माझे दोन हंगाम, सगळ्याखाली त्यांची सही होती. तेवढं 'ले' माझं होतं. तेही माझ्याच हातानं खरवडायला लावत होते.

"नाई खरवडत," मी म्हणालो.

"काय?"

"माया हातचं हाये ते. राहू द्या."

दादासाहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बघ रे बाळ. माया हातचं हाये! आणि ह्यांना इंजिनिअर व्हायचंय. काहून राजे, कॉलेजात काय मेथी लावणार?"

बाळासाहेब हसले नाहीत. त्यांनी पातं उचललं आणि स्वतःच खरवडायला लागले. हात सवयीचा नव्हता. कागद फाटला. सोंडेच्या बाजूलाच बोट जाईल एवढं भोक पडलं.

मग दादासाहेब म्हणाले, अगदी हळू, समजावल्यासारखं, "नवा कागद देतो. उद्यापर्यंत काढ. 'ला' लिही. मी लगेच सही करतो." आणि त्यांनी माझा दाखला वजनाखालून काढून वर ठेवला.

मी त्या दाखल्याकडे बघितलं. माझं नाव सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक.

"माह्यानं होत नाई," मी म्हणालो.

त्यांनी दाखला टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावला.

महिना संपताच मी जिन सोडलं. आता तिवशाला एका लहान जिनात आहे. गेल्या हंगामात अमरावतीच्या जिनातले जुने मिस्त्री भेटले. चहा घेताना म्हणाले, "अबे, बाळासाहेबाले कॉलेज भेटलं. मोटेचाच नकाशा धाडला. मी पाह्यला ना धाडाच्या आधी."

"किती दोर?"

"एकच." मिस्त्री बशीत फुंकर मारत म्हणाले. "कोन मोजते तिथं?"

त्या दिवशी जेवण गेलं नाही. पाणी न पडणारी मोट घेऊन माणूस आत गेला, आणि मी बाहेर. कोणी म्हणेल, जळू नये. मी बॉयलरवर काम केलंय. जाळ विझवला की पट्टा थांबतो.

दाखला अजून मिळालेला नाही. तिघांना विचारलं, तिघांनीही 'दादासाहेबांनी का नाही दिला?' म्हणून परत पाठवलं. रविवारी अकोल्याला जातो, जुन्या मास्तरांकडे. तेही नाही म्हणाले तर पाचवा दरवाजा. मॅट्रिकचा फॉर्म मी भरणार. मग कॉलेजचा. उमर काय व्हायची ती होवो. नकाशा मोटेचाच जोडीन, दोन दोरांचा. कोणी मोजो, न मोजो.

आणि सोंदूर सोंडेले बांधीन. पातं त्यांच्याकडेच राहू द्या.