बदरुचाचांच्या सहा बंदुका

बदरुद्दीन परकारांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नव्हती. दुकानासमोर एखाद्या गाडीचा टायर फुटला तरी ते मशीनवरून उठून आत जात. तरी ओमानमधल्या निझवा गावात त्यांना सगळे बंदूकवाला टेलर म्हणत.

दुकान किल्ल्यामागच्या गल्लीत होतं. चाचा दिशदाशा शिवत, म्हणजे ओमानी पुरुषांचा पायघोळ झगा. गळ्याशी अत्तरात बुडवायचा गोंडा, आणि तो गोंडा छातीवर कुठे पडला पाहिजे याबद्दल गिऱ्हाइकांशी वाद. मशीनच्या मागच्या भिंतीवर सहा जुन्या बंदुका टांगलेल्या होत्या. सगळ्या तोड्याच्या, लांब नळीच्या, नळीवर चांदीचे पट्टे. खाली इस्त्रीचं टेबल.

समोरच्या नळ-फिटिंगच्या दुकानात मी नोकरीला होतो. चाचांनी पहिल्या दिवशी माझं शिक्षण विचारलं. मी म्हणालो, एम.ए., मराठी घेऊन. तेव्हापासून ते मला एमे म्हणू लागले. नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

‘‘या विकत घेतल्यात?’’ मी बंदुकांकडे बघून विचारलं होतं.

‘‘छे. दिल्यात.’’

‘‘कुणी?’’

‘‘लोकांनी. प्रेमानं.’’ चाचांनी दातानं दोरा तोडला. ‘‘आमच्या हर्णैत म्हणतात, आखातात माणसाला कुत्रं विचारत नाही. मी म्हणतो, माझ्या दुकानात येऊन बघा.’’

हर्णैहून निघताना गावातल्या एका परत आलेल्या खलाशानं चाचांना एकच सल्ला दिला होता. अरब काही देईल तर नाही म्हणू नकोस, त्याला अपमान वाटतो. चाचा तेव्हा पंचविशीत होते. सल्ला त्यांनी मनावर घेतला.

पहिल्याच ईदेला खल्फान नावाचा एक म्हातारा माप द्यायला आला. खांद्यावर बंदूक. शुक्रवारी किल्ल्याखाली बकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे जुन्या बंदुकांचीही देवाणघेवाण चालते. खांद्याचं माप घ्यायचं म्हणून चाचांनी बंदूक हातात घेतली आणि सहज म्हणाले, ‘‘माशाल्ला, काय सुंदर आहे.’’

‘‘घे,’’ खल्फान म्हणाला. ‘‘तुझीच आहे.’’

चाचांनी घेतली.

भिंतीवरची बंदूक बघून गिऱ्हाइकांना वाटलं, टेलरला बंदुकांचा शौक आहे. ते आपापल्या बंदुका दाखवायला आणू लागले. चाचा शिष्टाचार म्हणून प्रत्येकीला सुंदर म्हणत. समोरचा घे म्हणे. चाचा घेत. अशा सहा झाल्या. सहावीनंतर लोकांनी दुकानात बंदूक घेऊन येणं बंद केलं. चाचांना वाटलं, फॅशन गेली.

लग्नाच्या दिवसांत मात्र ही माणसं बंदुका मागायला येत. तिथे वरातीत पुरुष ओळीनं नाचतात, हातात तलवारी आणि बंदुका. दोन दिवसांसाठी दे, म्हणत. चाचा मोठ्या मनानं देत. चौथ्या दिवशी बंदूक तेलपाणी होऊन, हलव्याच्या डब्यासकट परत येई.

‘‘बघितलंस एमे?’’ चाचा म्हणत. ‘‘दिलेली वस्तू मागून नेतात आणि परत आणून देतात. अशी माणसं कुठे आहेत?’’

खरंच कुठे नव्हती. पण ते मला नंतर कळलं.

२०१४ साली चाचांनी घरी जायचं ठरवलं. डोळे सुईला साथ देईनात. आता प्रश्न बंदुकांचा होता. भारतात नेता येणार नव्हत्या. कागदोपत्री दुकानातलं सगळं अर्बाबच्या, म्हणजे मालक हुमैदच्या नावावर होतं, बंदुकाही. पण हुमैद म्हणाला होता, तुम्हारा है, जो करना है करो.

त्याच सुमारास गुरुदत्त आला. सोलापूरचा. गावाबाहेर नवीन हॉटेल उभं राहत होतं, तिथे खरेदी बघायचा.

‘‘चाचा, लॉट द्या मला. सगळाच्या सगळा. लॉबीत लावतो. हेरिटेज लुक.’’

‘‘लॉट म्हणजे? ही काय कापडाची गाठ आहे?’’

‘‘बरं, लॉट नाही म्हणत. आकडा ऐका.’’

चाचांनी आकडा ऐकला. त्या आकड्यात हर्णैच्या घरावर माडी चढत होती. तरी त्यांनी आठवड्याची मुदत मागितली, मग आणखी एका आठवड्याची.

‘‘प्रेमानं दिलेली वस्तू विकायची का, हा प्रश्न आहे,’’ ते मला म्हणाले. ‘‘तू साहित्य शिकलास. तुमच्यात काय म्हणतात?’’

मी म्हणालो, ‘‘आमच्यात दोन्ही बाजूंनी म्हणतात.’’

‘‘मग शिकलास कशाला?’’

फोनवर खैरुन्निसाचाची होत्या. फोन स्पीकरवरच असायचा, कारण चाचांचे हात शिवणात. ‘‘अहो, विका आणि या. बंदुकांशी निकाह लावलाय का?’’

‘‘अगं, लोकांनी दिल्यात.’’

‘‘मी पण माझी तीस वर्षं दिलीत. ती कुठे टांगलीत भिंतीवर?’’

त्यानंतर चाचांनी गुरुदत्तला हो म्हटलं. येत्या शनिवारी गाडी घेऊन ये, म्हणाले. आणि रीत म्हणून हुमैदलाही सांगितलं. हुमैद बराच वेळ कहव्याचा पेला हलवत बसला. मग इन्शाल्ला म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी नासिर आला. पुतण्याचं लग्न आहे, बंदूक हवी. चाचांनी दिली. दुपारी दुसरा आला, त्याच्या मेहुण्याचं लग्न. संध्याकाळी तिसरा. चौथा तर धापा टाकत आला, आणि लग्न कुणाचं विचारल्यावर त्याला आठवेना. शुक्रवारपर्यंत पाच बंदुका गेल्या. उरली खल्फानची. तो वारला होता.

शनिवारी गुरुदत्त फोमचे गुंडाळे आणि टेम्पो घेऊन आला. भिंतीवर एकच बंदूक आणि पाच रिकामे खिळे बघून उभा राहिला.

‘‘चाचा, दुसऱ्या पार्टीला दिल्या का?’’

‘‘लग्नाला गेल्यात.’’

‘‘बंदुका?’’

‘‘मग काय, मी?’’

गुरुदत्त पाय आपटत गेला. चाचा हसत होते. मग हसता हसता थांबले. त्यांनी ऑर्डरचे कपडे टांगायची दांडी पाहिली. पुन्हा पाहिली.

‘‘एमे, पाच लग्नं. आणि नवरदेवाचा एकही कपडा शिवायला आलेला नाही?’’

‘‘दुसरीकडे टाकला असेल.’’

‘‘नासिरच्या खानदानातला एक झगा आजवर दुसरीकडे गेलेला नाही. पोरगं उभं राहायला लागलं की पहिला झगा इथे.’’

त्यांनी शटर ओढलं आणि मला घेऊन हुमैदच्या घरी गेले. हुमैदनं खजूर पुढे केले, कहवा ओतला, घरच्यांची खुशाली विचारली. चाचांनी सगळी उत्तरं दिली. मग ही पाच लग्नं कुणाची, ते सरळ विचारलं.

हुमैदनं दाढी खाजवली. ‘‘बदर, तुम नाराज नहीं होना.’’

‘‘बोलो.’’

‘‘ओमानी आदमी का चीज तुम अच्छा बोलेगा, तो वो बोलेगा, ले लो. ये बात है. मुँह का बात. तुम बोलेगा, नहीं नहीं, अल्ला तुमको बरकत दे. खलास. वो खुश, तुम खुश.’’

चाचांनी पेला खाली ठेवला.

‘‘मैं तो ले लिया.’’

‘‘हाँ,’’ हुमैद म्हणाला. ‘‘तुम ले लिया.’’

‘‘तो बोलना था ना!’’

‘‘कैसा बोलेगा? दिया है.’’

‘‘दिया कि नहीं दिया?’’

हुमैदनं विचार केला. ‘‘दिया. लेकिन लेने का नहीं था.’’

 इतकी वर्षं ही माणसं आपल्याच बापजाद्यांच्या बंदुका लग्नासाठी उसन्या नेत होती. आणि तेल लावून, वर हलवा ठेवून, परत आणून देत होती. सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त आम्हाला नव्हतं.

परत येताना चाचा गाडीत एकच वाक्य बोलले. ‘‘मी हर्णैत भरलेल्या मशिदीत सांगितलंय रे, की मला दिल्या म्हणून.’’

मला वाटलं, आता प्रश्न सुटला. बंदुका ज्याच्या त्याच्याकडे गेल्यात, राहू देत. पण मी या लोकांना ओळखत नव्हतो. मंगळवारी नासिर हजर. हातात बंदूक, हलव्याचा डबा.

‘‘लग्न छान झालं,’’ तो म्हणाला.

‘‘मुबारक,’’ चाचा म्हणाले. ‘‘ही तुमच्याकडेच ठेवा. मी देश सोडून चाललो.’’

‘‘अस्तगफिरुल्ला. तुमची आहे.’’

‘‘तुमच्या वडिलांची आहे.’’

‘‘वडिलांनी तुम्हाला दिली.’’

चाचांनी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. तेव्हा नासिरचा चेहरा लाल झाला. त्यानं बंदूक टेबलावर ठेवली, इस्त्रीच्या शेजारी, आणि सलामही न करता गेला. आठवड्याभरात पाचही भिंतीवर आल्या. हुमैद समजावायला आला. तुम जबरदस्ती करेगा तो उसका बाप झूठा हो जाएगा, म्हणाला.

म्हणजे विकायच्या नाहीत, ठेवता येत नाहीत आणि परत करता येत नाहीत. गुरुदत्तचा रोज फोन. त्यानं आकडा वाढवला. चाचा काही दिवस नुसते बसून राहिले. मी पहिल्यांदा त्यांना मशीनसमोर रिकामं बसलेलं पाहिलं. घरी जायची तारीख त्यांनी पुढे ढकलली.

मग एके दिवशी त्यांनी एक बंदूक उतरवली आणि टेप लावून तिचं माप घेतलं. नळी, दस्ता, चापाजवळचा फुगवटा. दिशदाशाचं जाड कापड काढलं, आतून मखमल लावली, काठाला गळ्यावर घालतात ती वेलबुट्टी. बंदुकीची गवसणी शिवली. तोंडाशी अत्तराचा गोंडासुद्धा लावला, आणि आत, दिसणार नाही अशा जागी, नासिरच्या वडिलांचं नाव भरतकामात काढलं.

आम्ही नासिरकडे गेलो. चाचांनी गवसणी त्याच्या पुढ्यात ठेवली. बंदूक आतच होती.

‘‘शिवून आणलीय,’’ ते म्हणाले. ‘‘जाण्याआधी माझ्या हातचं काहीतरी तुमच्या घरात राहावं. मापानं शिवलीय, दुसऱ्या कशाला बसणार नाही.’’

नासिर कापडावरून हात फिरवत राहिला. टेलरनं शिवलेली वस्तू नको म्हणायची सोय नव्हती. ती त्यानं घेतली. आत काय आहे याचा उल्लेख दोघांनीही केला नाही. जेवल्याशिवाय त्यानं सोडलं नाही.

अशा पाच गवसण्या झाल्या. प्रत्येक घरी भात आणि मटण झालं. चाचांचं पोट बिघडलं, पण चेहरा उजळला.

सहावी खल्फानची. त्याचा मुलगा सलीम मस्कतजवळ अल खौदला राहायचा, बँकेत होता. चाचांनी फोन करून बोलावलं. तो लँड क्रूझरमधून आला, चष्मा डोक्यावर. गवसणी उघडून पाहिली आणि हसला.

‘‘अंकल, ये आप रखो. सच में. मुझे नहीं चाहिए.’’

‘‘नहीं नहीं,’’ चाचा म्हणाले. ‘‘अल्ला तुमको बरकत दे.’’

‘‘अंकल, वाइफ घर में रखने नहीं देगी. छोटे बच्चे हैं. आप बेच दो, पैसे आप रखो. बाबा को खुशी होती.’’

चाचा माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, ‘‘बघ एमे. याला म्हणतात खानदान. बायकोचं नाव पुढे करतोय.’’

‘‘चाचा, मला वाटतं तो खरंच देतोय.’’

‘‘गप रे. एकदा फसलो.’’

सलीमनं आणखी दोनदा सांगितलं. चाचांनी आणखी दोनदा बरकत मागितली. शेवटी चाचांनीच गवसणी नेऊन त्याच्या मागच्या सीटवर, मुलांच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये, आडवी ठेवली. सलीम माझ्याकडे मदतीसाठी बघत होता. मी खांदे उडवले. तो गेला.

चाचा निघायच्या आठवड्यात गुरुदत्तनं आम्हाला हॉटेलात चहाला बोलावलं. राग विसरला होता. लॉबीत काउंटरमागे एकच लांब नळीची बंदूक लावली होती, वर दोन दिवे सोडले होते.

‘‘मस्कतचा कोणी बँकवाला आला होता,’’ गुरुदत्त म्हणाला. ‘‘म्हणाला, घरी ठेवायला जागा नाही. घासाघीससुद्धा केली नाही बघा.’’

चाचा जवळ गेले. दस्त्यावर लोखंडी पट्टी आवळून स्क्रू मारले होते. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

‘‘हिच्या अंगावर एक खोळ होती.’’

‘‘असेल. पॅकिंगमध्ये गेली असेल. का?’’

‘‘काही नाही.’’

चहा न पिताच आम्ही बाहेर आलो. उन्हात गाडीजवळ उभं राहून चाचांनी हर्णैला फोन लावला आणि सवयीनं स्पीकर सुरू केला. सगळं सांगितलं, मशिदीतल्या बढाईसकट.

‘‘म्हणजे खरी अशी एकही कुणी दिली नव्हती?’’ चाचींनी विचारलं.

‘‘एक दिली होती,’’ चाचा म्हणाले. ‘‘ती मी घेतली नाही.’’

 मग चाची म्हणाल्या, ‘‘बरं. माडीचं राहू दे. ते शिवणयंत्र तरी घेऊन या, इथे लावू. ते तरी स्वतःचं आहे ना तुमचं?’’

यंत्र हुमैदचं होतं. चाचांनी मला खूण केली, बोलू नकोस.