आरशासमोरचा खळगा

आमच्या घराची जमीन सागवानी फळ्यांची. झिजून काळवंडली म्हणून सुनेने, मेधाने, ती यंत्राने घासून पॉलिश करायला काढली. सामान हललं आणि जमिनीने चहाडी केली. देवघरापुढच्या फळ्या जवळजवळ कोऱ्या, आणि आरशाच्या कपाटासमोर चांगला खळगा!

"आई, देवापेक्षा आरसाच जास्त पुजलात की!"

"देवाला मी कशीही चालत होते गं."

तरुणपणी मी तिथे उभी राहून निऱ्या सोडायची, पुन्हा घालायची. हे दाराशी ताटकळत. "अगं, तिसरी घंटा झाली असेल!" एकही नाटक आम्ही पहिल्या प्रवेशापासून पाहिलं नाही. एवढं नटायचं आणि जाऊन काळोखात बसायचं, केवढी ती अक्कल!

जमिनीला आपला हेतू कळत नाही. कुठे किती वेळ उभे होतो, एवढंच ती धरून ठेवते. आपण मात्र सांगताना भलत्याच जागा सांगतो.

मग दाराच्या बाजूला, भिंतीलगत, जिथून कुणी येत-जात नाही, तिथे मला दुसरा खळगा दिसला. टाचेएवढाच. वाट बघताना टाच आपटायची यांची सवय होती. मी वाकून त्यावर हात फिरवला. हे जाऊनही आता बराच काळ लोटला.

यंत्र सुरू करण्याआधी मेधाने विचारलं, "सगळं सपाट करायचं ना, आई?"

"माझा खळगा खुशाल घास," मी म्हटलं. "दाराजवळचा तेवढा राहू दे."