बिनमाशांची टाकी

मासे नसलेली माशांची टाकी सांभाळणारा कामरगावात मी एकटाच आहे.

टाकी माझ्या मुलीची, स्वातीची. जावयांची बदली झाली, तेव्हा नवं घर मिळेपर्यंत तिनं ती माझ्याकडे आणून ठेवली. (जागेचा प्रश्न नव्हता. माझी बायको सुमन गेल्यापासून घरात जागाच जागा आहे.) टाकीत नुसतं पाणी आणि वाळू. झाडं एका झाकणाच्या डब्यात, ओल्या मातीत, चांगली टवटवीत.

"बाबा, ही झाडं पाण्याबाहेर जगतात आणि पाण्याखालीही जगतात. सावकाश टाकीत लावा, आणि मग काही करू नका," असं सांगून ती पुण्याला गेली.

आता मी पडलो रिटायर कंडक्टर. सारी हयात भरलेल्या एसटीत 'पुढे सरका, पुढे सरका' करण्यात गेली. काही करू नका, हे मला जमायचं कसं?

झाडं पाण्यात लावली आणि थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली. मग काचेसारखी झाली. मग एकेक गळून वर तरंगायला लागलं. स्वातीला फोन करायचा धीर होईना. बापाला एक झाड सांभाळता येत नाही म्हटल्यावर ती मला उचलून पुण्याला नेणार, आणि तिथं मला ओळखतंय कोण? इथं निदान ओळखतात, येत कोणी नसलं तरी. शेवटी मी शेजारच्या देवरावला हाक मारली.

देवरावची चार एकर सोयाबीन आहे. त्यानं चप्पल दाराशी काढली आणि टाकीपुढं उकिडवा बसून पानं निरखली.

"भाऊ, हा पिवया मोझॅक हाय," तो म्हणाला.

"तो रोग सोयाबीनवर येतो ना?"

"पान पिवयं पडलं का नाई? मंग झालं तं."

मागोमाग त्याची बायको शांताबाई आली. तिनं टाकीत वाकून पाहिलं. "मासोया कोठी गेल्या, भाऊजी?"

"मासोळ्या नाहीतच, वहिनी."

"मंग इतकं पानी कायले भरून ठेवलं? आमच्या नळाले चार दिस झाले, थेंब नाई!"

मी चहा टाकला. पुष्कळ दिवसांनी घरात तीन कप निघाले. त्यातल्या एकाचा कान तुटलेला होता, तो मी घेतला.

दुसऱ्या दिवशी देवराव आला तो मुठीत युरिया घेऊन. "एकरी एक बॅग, तं टाकीले एक मूठ," हा त्याचा हिशोब. मी थांबवायला हवं होतं. पण इतक्या आपुलकीनं आलेल्या माणसाची मूठ धरायची कशी? पडला युरिया. त्यानंतर पाणी जे हिरवं होत गेलं, ते अंबाडीच्या भाजीसारखं दाट झालं. झाडं दिसेनाशी झाली, म्हणजे पिवळेपणाची तक्रार तेवढी मिटली.

ही वार्ता गल्लीत पसरली. लोक टाकी पाहायला यायला लागले. कोणी म्हणे ताक टाका, कोणी म्हणे निंबोळी अर्क. सगळ्यांचं एकमत एवढ्यावरच झालं, की आधी पाणी उपसलं पाहिजे. देवरावनं नळाला लावायची मोटर आणली, एक पाइप टाकीत सोडला, दुसरा खिडकीतून नालीकडं काढला.

"पाइप घट्ट बसलाय ना रे?" मी विचारलं.

"तुमी बटन दाबा, भाऊ. म्या कित्येक मोटरी बसवल्या."

मी बटण दाबलं. खिडकीतला पाइप निसटला, खोलीभर सापासारखा नाचला, आणि देवराव, शांताबाई, दिवाण, कॅलेंडर, सगळ्यांना हिरवी आंघोळ घालत राहिला, मी बटण बंद करेपर्यंत. धारेबरोबर उडालेली एक फांदी थेट सुमनच्या फोटोवर जाऊन अडकली.

मग शांताबाई ओल्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ताईले कागदाचे हार आवडतच नोते. आज घेतला तिनं आपल्या मनचा."

मी हसलो. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. सुमन गेल्यानंतर या घरात कोणी असं हसलंच नव्हतं.

उरलेले देठ मी परातीत ओल्या मातीत खोचले. लोक रोज विचारायला येत. "काय म्हन्ते पेशंट?" ऐकलं की मी चहाचं आधण ठेवायचो. एक दिवस देठांना कोवळी पानं फुटली. सगळ्यांनी वाखाणली. आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही. बऱ्या झालेल्या पेशंटला भेटायला कोण येतं?

शेवटी स्वातीला फोन करून सारं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, रोग कसला? जागा बदलली की ही झाडं जुनी पानं टाकतातच. बाहेरची पानं पाण्यात टिकत नाहीत, पाण्यातली बाहेर टिकत नाहीत. देठ जिवंत असतो. नवी पानं येतात."

फोन ठेवला. परातीतल्या हिरव्यागार पानांकडं पाहत बसलो. घर फार शांत होतं. मग उठलो, टाकी धुऊन भरली आणि झाडं पुन्हा पाण्यात लावली.

पानं पिवळी पडली तसा देवराव हजर. "अरे बापा! पुन्हा?"

"पुन्हा," मी म्हणालो, आणि आधण ठेवलं.

असं आता वर्षभर चाललंय. पानं तरारली की झाडं पाण्यातून परातीत, परातीतून पाण्यात. स्वातीला नवं घर मिळालं, तरी ती टाकी न्यायचं नाव काढत नाही, आणि मीही आठवण करून देत नाही. देवराव अजून टाकीपुढं उकिडवा बसून रोग शोधतोय. झाडाला बोलता येत नाही, हे एक बरं आहे. नाहीतर या घरातला खरा पेशंट कोण, हे त्यानं देवरावला केव्हाच सांगून टाकलं असतं.