आमच्या जोडीबद्दल पालकांचं मत

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी रविवारचा मराठी वर्ग सुरू केला, तेव्हा पाच मुलं होती. काही वर्षं मी एकटीच शिकवत होते. मग दिल्लीतल्याच द्वारकेहून एक जण शिकवायला यायला लागली, माझ्याहून चांगली वीस वर्षांनी लहान. पहिला तास माझा, वाचन-लेखनाचा. दुसरा तिचा, गोष्टींचा. बघता बघता मुलं वीस झाली. कुणामुळे, हे मला कळत होतं आणि तेच डाचत होतं.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी टूम काढली. दोघींचं एकत्र नीट चालतं का, हे पालकांनाच विचारायचं. नसेल चालत, तर वर्ग एकीच्याच हाती सोपवायचा. माझ्याच हॉलमध्ये पालक बसले आणि आम्हा दोघींना बाहेर जिन्यात पाठवलं. माझ्याच घरातून मला.

ती पायरीवर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होती. एक मलाही दिला. आत हशा पिकला की मी तिच्याकडे बघायची. तिच्याबद्दलच असणार, माझं बोलताना कोण हसतंय? लाडू झकास झाला होता. त्याचाही राग आला.

थोड्या वेळानं आत बोलावलं.

"काकू, तुमच्यामुळे शिस्त आहे, बिल्कुल," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि हिच्याबद्दल?" विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

एक आई म्हणाली, "माझी मुलगी संडेला स्वतःहून उठते. म्हणते, ताईंची स्टोरी मिस नको व्हायला."

इतकी वर्षं घसा कोरडा केला आणि पदरात काय पडलं, तर शिस्त. माझ्या जिवाचा जळफळाट झाला.

"अच्छा, आता तुमचं मत सांगा," सेक्रेटरी म्हणाले. "एकीनंच वर्ग घेतला तर?"

"मला चालेल," मी लगेच म्हणाले. "आधी मीच घेत होते."

मग त्यांनी तिला विचारलं.

"मला काकूंशिवाय नाही जमणार," ती म्हणाली. "त्यांनी वाचायला शिकवलं म्हणून तर मुलं गोष्टीची पुस्तकं घरी मागून नेतात."

ती खोटं बोलत असती, तर बरं झालं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जोडी कायम झाली. मीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते.